लाल खडूने अंजूरपर्यंत

धामणकर नाक्यावरून अंजूरला शेअर रिक्षाने पोहोचायला, वाट मोकळी मिळाली तर, पंचवीस मिनिटं लागतात. आम्हाला वीस दिवस लागले. आमच्या इमारतीतली मंडळी उन्हाळ्यात सिमला-मनाली करून येतात आणि दिवाळीपर्यंत फोटो दाखवत बसतात. त्यांच्यापैकी कुणीही अंजूरला पायी गेलेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. फोटो मात्र मागू नका. एकच आहे, आणि त्यात निम्मा माझा अंगठा आलाय.

आधी प्रवाशांची ओळख. मी सुनंदा, वय चौसष्ट, शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून आता घरी. आणि आमचे हे, वसंतराव, वय अडुसष्ट. जन्मभर जमीनमोजणीत नोकरी केली. लग्नाला गेले तरी आधी मांडवाची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजणार, मग अक्षता टाकणार. गेल्या हिवाळ्यात यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर म्हणाले, आता रोज चालायचं. हे घरी आले आणि खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. खुर्चीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं. दिवसातून चार वेळा म्हणजे झाला की व्यायाम, असा हिशेब.

आणि खरं सांगायचं तर त्यांना बसवलं मीच. ऑपरेशनच्या दिवशी त्या दाराबाहेर बाकावर बसून मी जे काय घाबरले, ते मनातून गेलंच नाही. हे उठायला लागले की मी म्हणायची, "बसा, मी देते." पाणी मी, पेपर मी, पंख्याचं बटणसुद्धा मी.

यांची थोरली बहीण, अक्का, अंजूरला असते. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे पार गेलेले, होळीपासून ओट्याची पायरी उतरलेली नाही. तोंड मात्र ठणठणीत. नवरात्रात तिचा फोन आला.

"वसंता, भाऊबीजंला येनार का न्हाय?"

"बघतो गं अक्का. सुनंदा म्हणते, रिक्षात धक्के बसतात..."

"रिक्षाचं कोन बोलतंय? चालत ये. चालत आलास तर ओवालीन. रिक्षातना उतरलास तं त्याच रिक्षान माघारी धाडीन." मग आवाज चढवून, "आन सुनंदा, तू तिथंच उभी हायस ना? तुज्यामुलंच बसलाय त्यो."

मला असा राग आला की त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली. दोन तासांनी लक्षात आलं की म्हातारी खरं बोलली होती. मग आणखी राग आला.

हे मात्र संध्याकाळी वही घेऊन बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. साठ-पासष्ट वर्षांत अक्काची एक भाऊबीज चुकली नव्हती, आणि आता चुकली तर पुढची कुणी बघितलीय, असं स्वतःशीच पुटपुटले. अंतर नऊ किलोमीटर. रोज झेपेल तेवढं चालायचं, थांबू तिथे खूण करायची, रिक्षाने घरी यायचं, आणि पुढच्या खेपेला रिक्षाने त्या खुणेपर्यंत जाऊन तिथून पुढे चालायचं. मुदत भाऊबीजेपर्यंत.

दसऱ्याचा दुसरा दिवस. धामणकर नाका

सकाळी साडेसहाला निघालो. पुण्याच्या लेकीने दोघांना बूट पाठवले होते. माझे पोपटी. नऊवार नव्हे, साधी पाचवारीच होती, पण पोपटी बुटांवर ती जी काही दिसत होती, त्याबद्दल न बोललेलं बरं. यांच्या हातात वही, कानामागे पेन, खिशात जुन्या नोकरीतला जाड लाल खडू. मी यांचं कोपर धरलेलं.

नाक्यावर रात्रीची शिफ्ट सुटत होती. केसांवर, भुवयांवर कापसाचा भुगा घेतलेली माणसं चहाच्या गाडीशी उभी होती, आणि गाळ्यांतून लूमची खटखट चालूच होती. आम्ही इतकी वर्षं इथे राहतो, पण पायी चालल्यावरच कळलं की ही खटखट प्रत्येक गल्लीत वेगळी वाजते. हे दर शंभर पावलांवर थांबून नाडी बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यामुळे पुढे कुणीच बघत नव्हतं, आणि एका हातगाडीवाल्याने आम्हाला जे सुनावलं ते हिंदीत असल्याने थोडं कमी लागलं.

सातशे मीटरवर दम लागला. विजेच्या खांबावर यांनी लाल खडूने ठसठशीत बाण काढला आणि खाली आकडा घातला: १.

"अहो, नुसती रेघ पुरे की."

"खूण म्हणजे खूण. दिशा नको?"

परत न्यायला रिक्षा मिळाली ती सलीमभाईंची. पन्नाशीचे, दाढीला मेंदी. दोन दिवसांनी त्यांच्याच रिक्षातून खांब नंबर एकपाशी उतरलो तेव्हा ते बघतच राहिले. "चाचा, जहाँ से उठाया वहीं छोडूँ? और अब पैदल जाओगे? माझ्या गाडीत काय खराबी आहे?" मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण मग रोज सकाळी तेच येऊन उभे राहायला लागले. शुगर त्यांनाही आहे म्हणे. मी म्हटलं, या की मग चालायला. म्हणाले, "भाभी, गाडी कोण बघणार?"

रोज दहा वाजता अक्काचा फोन. "आज कुठवर?" हे वहीतून वाचून दाखवायचे: अमुक खांब, तमुक भिंत, खूण नंबर इतका. ती ऐकून घ्यायची आणि घाईघाईने ठेवायची. दोन-तीनदा तर धापा टाकत होती. मी म्हटलं, अक्काला दम लागतोय हो. हे म्हणाले, वय झालं तिचं. स्वतः जणू दहावीत.

पाचवी खूण

अंजूरफाटा मागे पडला की भिवंडी संपते असं आम्ही मानत होतो. तसं नाही. भिवंडी संपत नाही, नुसती पसरते. रस्त्याच्या एका अंगाला पत्र्याची गोदामं, इतकी लांब की एकाच्या कडेने चालता चालता माझा अख्खा मारुतीस्तोत्राचा पाठ झाला. दुसऱ्या अंगाला अजून भात उभं होतं, पिवळंधमक, आणि त्यात बगळे. ट्रेलर गेला की धुळीत काही दिसायचं नाही. धूळ बसली की पुन्हा भात.

मधले दोन दिवस वाया गेले. एकदा माझ्या टाचेला फोड आला. एकदा यांच्या रक्तदाबाच्या यंत्राने भलताच आकडा दाखवला. यांना घाम फुटला, मी देवापुढे दिवा लावला, आणि मग शेजारच्या वहिनींनी यंत्राच्या बॅटऱ्या बदलून दिल्या.

पाचव्या खुणेच्या दिवशी जवळपास खांब नव्हता. रस्त्याला लागून एक कौलारू घर, ओट्याची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली. घरात कुणी दिसेना. यांनी त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर बाण काढला आणि खाली ५. बाण अंजूरच्या दिशेने होता, म्हणजे थेट ओट्याकडे.

दोन दिवसांनी सलीमभाईंनी आम्हाला तिथे उतरवलं, तर ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या, आणि धुवट सदरा-टोपी घातलेले एक गृहस्थ हात जोडून उभे. साठी उलटलेली. नाव बाळाराम.

"या सायेब. बाई, तुमीपन या. बसा."

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? मग पाहुणा नको म्हणतो, मग आपण आग्रह करतो, तोवर आधण आटतं. इथे विचारणं नाहीच. तांदळाची मऊसूत भाकरी, तव्यावरची सुकट, चहात साखर सढळ. डॉक्टरांनी मना केलेलं सगळं एका ताटात. मी यांच्याकडे डोळे वटारले. यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पाय पसरून, वही मांडीवर ठेवून, भाताच्या पिकाची चौकशी चालली होती. मला हसू आलं. दहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना "जपा हं" न म्हणता "साहेब" म्हणत होतं.

भाकरी निम्मी झाल्यावर बाळाराम हळूच म्हणाले, "सायेब, येक इचारू? आमचा ओटाच जातोय, का घरपन जातंय?"

"कुठे जातंय?"

"रस्त्यात. रुंद करताय ना? तुमचा लाल बान बगितला आन समजलो. धाकल्या भावाच्या घरावर असाच बान मारलेला, दोन मयन्यात भिंत गेली." मग मागे वळून, "हिनं तर तुलसपन हलवली."

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांच्यामागे, परसात, तुळशीवृंदावन मातीत कलतं ठेवलेलं दिसत होतं. ओट्यासमोर जिथून काढलं तिथे चौकोनी ओला खड्डा होता.

यांचा घास तोंडातच राहिला. "मी... आम्ही रस्त्याचे नाही हो. मी रिटायर्ड आहे. हृदयाचं ऑपरेशन झालंय, म्हणून चालतोय. बहिणीकडे."

"मंजे तुमी नुसतं चालताय?"

"हो."

"आन बान?"

"कुठवर आलो ते कळावं म्हणून."

बाळारामांनी एकदा बाणाकडे बघितलं, एकदा माझ्या पोपटी बुटांकडे. मग एवढे हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. "बरं, सुकट खाल्लीत ती खाल्लीत, आता परत मागत न्हाय." पण त्यांची बायको हसली नाही. म्हणाली, "दोन दिस तुलशीला पानी घालताना रडलेय मी. सासूनं लावलेली हाय ती." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आन सायेब," बाळाराम म्हणाले, "ही पाचवी ना? मग मागच्या चौघांचं काय?"

उलटा प्रवास

हे उठले. बाळारामकडून ओलं फडकं मागून घेतलं, आधी तिथली खूण पुसली, ती पुसली जाण्याऐवजी भिंतभर गुलाबी पसरली, आणि मग हे चालायला लागले. भिवंडीकडे.

"अहो, रिक्षात बसा ना!" मी मागून ओरडले. ऐकतो कोण. मी पाण्याची बाटली घेऊन मागे, माझ्या मागे सलीमभाई रिक्षा रांगवत, "चाचा, बैठो तो सही!"

चौथी खूण एका चहाच्या टपरीवर होती. टपरीवाल्याने घाबरून पुढचा पत्रा हातभर मागे घेतला होता आणि त्याचं गिऱ्हाईक उन्हात बसून चहा पीत होतं. यांनी हात जोडून माफी मागितली, पत्रा लावायला सुतार पाठवतो म्हणाले, आणि पुढे निघाले. तिसरी गोदामाच्या फाटकाशी. तिथल्या वॉचमनने रजिस्टरात रीतसर नोंद ठेवली होती: सरकारी आदमी, एक मॅडम साथ में. दुसरी खूण एका दगडी कुंपणावर होती. तिच्यापुढे कुणीतरी दोन झेंडू आणि चिमूटभर तांदूळ वाहिले होते. हे फडकं हातात घेऊन थबकले.

"ही पुसू?"

"राहू दे," मी म्हटलं. "तेवढं एक देवपद मिळालंय तर राहू दे."

पहिली, खांबावरची, पुसून होईपर्यंत साडेनऊ झाले होते. धामणकर नाक्याची गर्दी समोर दिसत होती. हे सलीमभाईंच्या रिक्षात मागच्या सीटवर बसले. चेहरा लालबुंद, सदरा ओलाचिंब. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. म्हटलं, "काय होतंय? सांगा ना, काय होतंय?"

"भूक लागलीय," हे म्हणाले. आणि मग स्वतःच चकित होऊन, "सुनंदा, मी नाडी बघितलीच नाही."

चार किलोमीटरहून जास्त झालं होतं. पावलं मोजली नव्हती, वही बाळारामच्या ओट्यावरच राहिली होती, आणि कोपर धरायला मी जवळही नव्हते. मी भर रस्त्यात, रिक्षाच्या दांड्याला धरून रडले. सलीमभाईंनी खाली उतरून मला चहा आणून दिला. एवढ्या दिवसांत त्यांनी चाललेली तीच बारा पावलं.

दुसऱ्या दिवशी बाळारामकडे गेलो. सलीमभाई आणि बाळारामांनी वृंदावन उचलून जागेवर बसवलं. यांना जड उचलायची बंदी, म्हणून हे दोन्ही बाजूंनी विती मोजून "जरा डावीकडे, जरा डावीकडे" करत होते. बाळारामच्या बायकोने शेवटी सांगितलं, "सायेब, तुलस हाय ती, तिला चालतं." मी खडू जप्त करून माझ्या पर्समध्ये टाकला.

भाऊबीज. अंजूर

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. मधे पणत्या आल्या, फराळ आला, मोजून एक करंजी आली. कोपर मात्र मी धरायची ते धरायचीच. सवय.

भाऊबीजेला शेवटचे तीन किलोमीटर उरले होते. सकाळी खाडीवरून खारट वारा येत होता. भात कापून झालं होतं, शेतात नुसती खुंटं. रिक्षा नको, असं सलीमभाईंना बजावलं होतं, तरी ते दोनशे पावलं मागे राहून येत होते. "मैं रास्ते से जा रहा हूँ, रास्ता सबका है," म्हणाले.

गावाच्या बाहेरच्या गोदामाची भिंत लागली, तिथे मला लाल काहीतरी दिसलं. गुडघ्याइतक्या उंचीवर, बोटाने ओढलेल्या सात रेघा.

"वसंतराव!" मी अशी हाक फक्त भांडणात मारते. "खडू माझ्याकडे आहे. दुसरा कुठून आणलात?"

"देवाशपथ, मी नाही." हे वाकून बघायला लागले. "हे कुंकू आहे. तेलात कालवलेलं."

थोडं पुढे एका दगडावर सहा रेघा. मग विजेच्या खांबाच्या बुंध्याशी पाच. आमची खूण पुढे गेली की आकडा वाढायचा. हा कमी होत होता. हे त्या पाच रेघांपाशी उभे राहिले, रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे, अंजूरकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "कुणीतरी तिकडून निघालंय."

त्यांनी माझ्या हातातून कोपर काढून घेतलं. झटकून नाही, हळूच. आणि झपाझप चालायला लागले. माझ्या तोंडावर "अहो, सावकाश" आलं होतं. ते मी गिळलं. हात मोकळा कसा ठेवायचा ते कळेना, म्हणून पदर धरला.

चार रेघा मागे टाकल्या. तीन रेघांपाशी, एका गोदामाच्या फाटकात, तिथल्या वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अक्का बसली होती. नवं लुगडं, मांडीवर ओवाळणीचं ताट, बाजूला काठी, मागे तिची सून पदराने वारा घालत. अक्काचा चेहरा घामाने डबडबलेला आणि रागाने फुगलेला.

"काल सातवीपतूर गेलीवते," ती आम्हाला बघून म्हणाली. "इचार हिला. आज ह्ये ताट, ह्ये नवं लुगडं... न्हाय जमलं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सून म्हणाली, "मामांशी रोज फोन झाला की लगेच निघायच्या. कधी कधी फोनवर बोलताबोलताच. म्हणायच्या, त्यो खूण करतोय, मंग मीपन करनार."

हे रस्त्यावरच वाकून पाया पडले. उठताना ना माझा आधार घेतला, ना खुर्चीचा. मग वॉचमनने यांना खुर्चीवर बसवलं. तो बिहारचा. म्हणाला, आमच्याकडेही आजच असतं, आणि फाटकाशी उभा ट्रेलर त्याने हात करून थांबवून ठेवला. अक्का सुनेच्या खांद्याला धरून उभी राहिली, होळीपासून ओटा न उतरलेली माझी नणंद, आणि भर रस्त्यात तिने भावाला ओवाळलं. वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं. ट्रेलरवाल्याने काडेपेटी दिली.

औक्षण होताच तिची नजर मागे गेली. "ती रिक्षा कोनाची? खरं सांग, वसंता."

सलीमभाईंनी लांबूनच दोन्ही कान पकडले. "खाली है, अम्मा! पूरे रास्ते खाली आई है!"

यांनी पिशवीतून साडी काढून ताटात ठेवली. अक्काने ती नीट बघितलीही नाही. सुनेकडे सरकवली. म्हणाली, "साडी हाय माज्याकडं. त्यो तुजा खडू दे."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्स उघडली. तिने खडू घेतला, भिंतीवरच्या तीन रेघांखाली ठळक बाण काढला, भिवंडीच्या दिशेने, आणि म्हणाली, "संक्रांतीला तिलगूल घ्यायला तुमच्याकडं येते. चालत. रिक्षातना आले तं ओवालू नका."

मग मात्र आम्ही सगळे सलीमभाईंच्या रिक्षातून अक्काच्या घरी गेलो. सहा माणसांचं जेवण होतं, कारण वॉचमनची ड्युटी सुटल्यावर तोही आला. परतीचं काही लिहिण्यासारखं नाही, यांनी पुरणपोळी खाल्ली त्याबद्दल मी आजवर काही बोललेले नाही.

आता रोज दहा वाजता फोन आमच्याकडून जातो. हे विचारतात, "अक्का, आज कुठवर?" ती सांगते. थांबेल तिथून सून तिला रिक्षाने परत नेते. परवा तिने चौदावी खूण केली. बाळारामांचं घर अजून बरंच लांब आहे, पण मी कालच निरोप धाडलाय: भिंतीवर बाण दिसला तर घाबरू नका, तुळस हलवू नका, खुर्ची काढून ठेवा आणि चहाला आधण टाका. साखर बेताची.